रंगावर जाऊ नका, पाण्यात चालवून बघा

परवा आमचा भाचा घरी आला आणि चहा व्हायच्या आतच म्हणाला, "मामा, एक इंजिन बघायला चला. जुने आहे, पण मालक चांगला माणूस आहे." त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, मागोमाग आली होती. ती काहीच बोलली नाही. ती गप्प का बसली हे आम्हाला पक्के ठाऊक होते. म्हणूनच आज या सदरात हा विषय घेतला आहे.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे मेहुणे खाडीत होडी घालतात. होडीमागे लावायचे एक जुने आउटबोर्ड इंजिन त्यांना मिळत होते. बहिणीने हातातल्या पाटल्या मोडून पैसे उभे केले. बघायला मेहुण्यांबरोबर आम्हीच गेलो, कारण घरात चार बुके शिकलेले आम्ही! इंजिनाला ताजा निळा रंग दिलेला होता. दोरी एकदा खेचली आणि ते भुर्रकन सुरू झाले. आम्ही खूश. वरच्या झाकणावर हात ठेवला तेव्हा ते आधीच गरम लागले होते, पण का गरम आहे हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. तिसऱ्या महिन्यात ऐन ओहोटीत, खाडीच्या मुखाशी इंजिन जाम झाले. इंजिन आहे मग वल्हे कशाला, म्हणून वल्हे घरी! नांगर धरला म्हणून होडी समुद्रात ओढली गेली नाही. मेहुण्यांनी सारी रात्र त्या होडीत काढली आणि बहिणीने काठावर. पहाटे दुसऱ्या होडीने त्यांना ओढून आणले. मिस्त्रीने इंजिन खोलले तेव्हा पाणी ओढणारा रबरी पंखा झिजून तुकडे झालेला निघाला. थंड करणारे पाणी वर चढतच नव्हते. पिस्टन तापून सिलिंडरला धरला होता. विकणाऱ्याला बोल लावून काय उपयोग? डोळे आमचे होते, पाहिले नाही ते आम्ही.

तेव्हापासून मिस्त्रीच्या शेजारी बसून जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

ही इंजिने टिकाऊ असतात यात शंका नाही. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले ओल एव्हिनरूड यांनी १९०९ साली मिल्वॉकी शहरात आपली आउटबोर्ड इंजिने विकायला सुरुवात केली. त्यांच्या नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० साली बंद झाले, तरी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एव्हिनरूड आणि जॉन्सन इंजिने हौशी लोक आजही चालवतात. पण हौशी माणसाचे इंजिन बंद पडले तर त्याचा रविवार जातो. आपले बंद पडले तर चूल बंद पडते, कधी जिवावरही बेतते. म्हणून आपण दुप्पट बारकाईने बघायला हवे.

पहिली गोष्ट, मालकाला आधीच निरोप द्या की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर प्रथम हात लावून बघा. थंड इंजिन किती खेचण्यांत सुरू होते, यावरच त्याची खरी तब्येत कळते. गरम असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, निवू द्या.

दुसरी गोष्ट कागदाची. पट्टीवरचा नंबर आणि पावतीवरचा नंबर एकच आहे का? पट्टी खरवडलेली किंवा काढून टाकलेली असेल तर स्वस्त मिळाले तरी परत फिरा. तोच मॉडेल नंबर लिहून घेऊन आपल्या मिस्त्रीला विचारा की याचे सामान मिळते का. सामान मिळत नसेल तर फुकट दिलेले इंजिनही महागात पडते.

तिसरे माप. होडीच्या मागच्या फळीची उंची घरूनच मोजून न्या. इंजिनाचा दांडा आखूड असेल तर साधारण १५ इंचांच्या फळीला बसतो, लांब असेल तर २० इंचांच्या. आखूड दांडा उंच फळीला लावला तर पंखा पाण्यात पुरता बुडत नाही.

आता बाहेरून बघा. ताजा रंग दिसला की आनंद मानू नका, तो कशावर दिला आहे ते शोधा. फळीला धरणाऱ्या शिकंजाला तडा आहे का? खारे पाणी लागलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड येते आणि खाली खड्डे पडतात. नटांचे कोपरे झिजलेले असतील तर इंजिन बऱ्याचदा खोललेले आहे असे समजा. सिलिंडरच्या टोपाजवळ रंग फुगून करपलेला दिसला तर ते कधीतरी खूप तापलेले आहे.

मग झाकण काढून दोन्ही प्लग काढा. प्लग तपकिरी असावेत. एक कोरडा आणि दुसरा ओला किंवा काळाकुट्ट असेल तर कारण शोधायला हवे. प्लगच्या जागी कॉम्प्रेशनचा गेज लावा, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दोरी चार-पाच वेळा खेचा. दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे यावेत. शेकडा दहाहून जास्त फरक असेल तर आत काहीतरी झिजले आहे. गेज नसेल तर मिस्त्रीकडून मागून न्या. अंगठा लावून केलेला अंदाज हा अंदाजच असतो.

त्यानंतर ठिणगी. ती दोन्हीकडे निळसर आणि टणक हवी. ही तपासणी प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून दूर ठेवूनच करा, नाहीतर वाफ पेटायची. फार जुन्या इंजिनांत चाकाखालच्या कॉइलना तडे गेलेले असतात. १९५० च्या दशकातल्या काही इंजिनांच्या टाक्या हवेच्या दाबावर चालत आणि त्यांना दोन नळ्या असत. अशी टाकी गळत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

सर्वात महत्त्वाची तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि तीच कोणी करत नाही. पंख्याजवळच्या गिअरच्या डब्याला वर आणि खाली तेलाचे दोन स्क्रू असतात. खालचा हळूच सैल करा आणि चार थेंब बोटावर घ्या. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत शिरलेले पाणी आधी बाहेर येते. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर सील गेले आहे. धातूचे चमकते कण हाताला लागले तर गिअर खात आहेत. जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या काही इंजिनांत शेजारी फुलीच्या खाचेचा एक स्क्रू असतो. तो आतल्या गिअरच्या यंत्रणेचा असतो, त्याला हात लावू नये. पंखाही काढून बघा. त्यामागे जाळ्याचा दोरा गुंडाळला गेला तर तोच सील कापतो.

शेवटी पाण्याची परीक्षा. पिंप भरून इंजिन त्यात उतरवा. कोरडे कधीही चालवू नका, रबरी पंखा तेवढ्यातच जळतो. सुरू झाल्यावर पाण्याची धार बाहेर येते का ते पाहा. काही जुन्या इंजिनांना वेगळी धार नसते, धुराबरोबर पाण्याचे तुषार येतात. मालकाला नीट विचारून घ्या. दहा मिनिटे चालू द्या. टोपावर पाण्याचे दोन थेंब टाकले तर चुर्र करून उडता कामा नयेत. हळू चालीत गिअर पुढे-मागे टाकून बघा, हात पंख्यापासून लांब ठेवून. मग बंद करून पुन्हा सुरू करा. थंडपणी सुरू होणारे पण गरमपणी रुसणारे इंजिन भर पाण्यात दगा देते.

पेट्रोलमध्ये तेल किती घालायचे हेही मालकाकडून आणि पुस्तिकेतून पक्के करा. जुन्या काही इंजिनांना २४ भागांना एक भाग लागते, म्हणजे लिटरला सुमारे ४२ मिलि. नंतरच्या बऱ्याच इंजिनांना ५० ला एक, म्हणजे लिटरला २० मिलि. कमी तेलाने वाचलेले दहा रुपये पिस्टन वसूल करतो.

तर आम्ही भाच्याबरोबर गेलो. इंजिन दोन सिलिंडरचे, सुमारे चाळीस वर्षांचे, रंग उडालेले. मालक म्हाताऱ्या वयाचे गृहस्थ. आम्ही एकेक करून सगळे तपासले. कॉम्प्रेशन सारखे, ठिणगी चांगली, पाण्याची धार ठीक. पण गिअरचा खालचा स्क्रू सैल केला तर आधी पाणी आणि मग पांढरट तेल. भाच्याचा चेहरा उतरला. आम्ही ते तेल मालकांना दाखवले. ते म्हणाले, "खरे आहे बाबा, सील टाकायचे राहून गेले." त्यांनी सांगितले होते तीस हजार. मिस्त्रीने सील, नवा रबरी पंखा, तेल आणि मजुरीचा हिशेब मांडला. सौदा चोवीस हजारांवर ठरला, तोही सील बदलून, होडीला लावून, एक भरती-ओहोटी चालवून बघितल्यावर पैसे द्यायचे या बोलीवर. जो विकणारा अशी चाचणी देतो त्याच्याकडून घ्यावे. जो घाई करतो त्याला नमस्कार करावा.

आणखी एक सांगायचे राहिले. चाचणीच्या दिवशी बहीण काठावर उभी होती. भाच्याने दोरी खेचली, इंजिन लागले, धार उडाली. ती काही इंजिनाकडे बघत नव्हती. तिने एवढेच विचारले, "वल्हे घेतलेस का रे?"

भाच्याने होडीतले वल्हे उचलून दाखवले. त्याच्या अंगात लाइफ जॅकेटही होते. मग ती घरी जायला वळली.

वाचकहो, इंजिन नवे असो की जुने, वल्हे, नांगर आणि जॅकेट यांना सुट्टी देऊ नका. इंजिनाचे पैसे पुन्हा मिळवता येतात.