उमेदवारी गल्लीत ठरू द्या

परवा सोलापुरात अशोक चौकामागच्या गल्लीत एक कार्यकर्ता मतदारयादी घेऊन उंबऱ्यावर टेकला होता. विड्या वळणाऱ्या मावशी मांडीवरचं सूप न हलवता, तेलुगूत, सासरी गेलेल्या लेकीचं नाव कमी करायला सांगत होत्या. निवडणूक जिंकायची ती अशीच, घरटी ओळख ठेवून. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेकापसारख्या लहान पक्षातून ११ वेळा आमदार झाले ते याच पायपिटीवर. नरसय्या आडम मास्तरांना १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये विधानसभेत पाठवलं ते विडी-यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांनी. मग उमेदवारी तेवढी मुंबई-दिल्लीच्या बंद खोलीत का ठरावी? २०१४ मध्ये काँग्रेसने लातुरात लोकसभेचा उमेदवार अमेरिकेतल्या प्रायमरीच्या धर्तीवर, कार्यकर्त्यांच्या मतदानाने निवडला होता. उमेदवार पुढे हरला आणि पक्षाने प्रयोगच गुंडाळला. हे चुकलंच, एका पराभवाने पद्धत खोटी ठरत नाही. तिकिटासाठी कार्यकर्त्यांपुढे हात जोडावे लागले, तर इच्छुक पाच वर्षं वस्तीत फिरतील. तेव्हा वाचकहो, तुम्ही ज्या पक्षाचे सभासद असाल, त्याच्याकडे उमेदवार निवडण्याचा हक्क मागा, आणि पदरात पडेपर्यंत मागत राहा.