बायोसला व्हीएममधून हाकलू नका

मागच्या शनिवारी सकाळीच मामा सीपीयूचा डबा काखेत मारून दारात हजर. "अरे, दुकानातला कॉम्प्युटर गेला रे!" सोळा वर्षांचा हिशेब त्यात, आणि तो प्रोग्राम चालतो फक्त विंडोज एक्सपीवर. लिहिणाऱ्या गृहस्थांनी कधीच धंदा सोडलाय.

नशिबाने हार्डडिस्क शाबूत होती. तिची इमेज काढून क्यूईएमयूत लावली. सवयीने यूईएफआय निवडलं. ढिम्म! मग बायोस निवडला, डिस्क आयडीई म्हणून जोडली आणि एक्सपीचा ओळखीचा पडदा आला. मामांचा चेहरा बघण्यासारखा होता.

यात जादू काही नाही. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत आणतो आणि पुढचा कारभार त्याच्यावर सोपवतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची ही रीत. यूईएफआय मात्र ठरावीक पार्टिशनमधली बूट फाइल शोधतं. जुन्या डिस्कवर ती असणार कुठून? ३२-बिट एक्सपीला तर यूईएफआयवरून उठताच येत नाही.

आता 'बायोस काढून टाका' असं म्हणणारे बरेच आहेत. खऱ्या मशीनपुरतं मला मान्य आहे. बायोसवर सिक्युअर बूट नाही, जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या पुढची डिस्क पुरती वापरता येत नाही, आणि २०२१ साली आलेलं विंडोज ११ यूईएफआयच मागतं. नव्या व्हीएमलाही डिफॉल्ट यूईएफआयच असावं.

पण मंडळी, व्हीएम म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरचं शेवटचं घर. खरं हार्डवेअर भंगारात गेल्यावर ते जाणार कुठे?

दोन्ही सांभाळायचं म्हणजे टेस्टिंगची कटकट दुप्पट, हेही खरं. २०२२ मध्ये फेडोरात बायोस मोडीत काढायचा प्रस्ताव आला, त्यामागे हेच ओझं होतं. विरोध झाला आणि तो बारगळला. पण नवी सिस्टिम बायोसवर चालवणं वेगळं आणि जुनी डिस्क उघडता येणं वेगळं. दुसऱ्यासाठी सीबायोससारखा छोटा, मुक्त प्रकल्प आहेच. हायपर-व्हीने २०१३ मध्ये यूईएफआयवालं 'जनरेशन २' आणलं तेव्हा बायोसवालं 'जनरेशन १' शेजारीच ठेवलं. मला हेच शहाणपणाचं वाटतं.

असो. मामांच्या एक्सपीचं नेटवर्क मी बंद करून टाकलंय, आणि हिशेब एक्सेलमध्ये काढायचं काम चालू आहे. तेवढे दिवस तरी म्हाताऱ्याला घरात राहू द्या!