चौकटीतील की चौकटीत?



इंग्रजीच्या चाचणीत एका प्रश्नाला मला पाचपैकी दोनच गुण पडले. त्याबद्दल मी लिहीत आहे. हे रडगाणे नाही, माझे मत आहे.

प्रश्नपत्रिका बाहेरून छापून आली होती. त्यात एक चित्र होते. चित्रात एक खोके, खोक्यात कुत्रा आणि मांजर. खोक्याच्या बाहेर गाय, शेळी व घोडा. खाली एक रिकामी चौकट. प्रश्न असा : राइट द नेम्स ऑफ द ॲनिमल्स इन द बॉक्स. मी म्हटले, खोक्यात कोण आहेत? कुत्रा आणि मांजर. डॉग, कॅट लिहिले आणि पेन खाली ठेवला. घोड्याचे स्पेलिंग मला येत होते, पण विचारलेच नाही तर कशाला लिहू? आणि उत्तर निघाले पाचही प्राण्यांचे! सगळी नावे खालच्या चौकटीत लिहायची होती म्हणे. मला लई वाईट वाटले. माझ्यासारखे वर्गात आणखी सहा जण फसले.

इंग्रजीत बॉक्स म्हणजे खोकेही आणि चौकटही. त्यात ‘इन द बॉक्स’ हे शब्द अगदी शेवटी. ते प्राण्यांना लागतात की लिहिण्याला, कसे कळणार? आपल्या मराठीत असे होत नाही. आजी मला दुकानात पाठवते तेव्हा म्हणते, “साखर डब्यात आण गं.” चहा टाकताना म्हणते, “डब्यातली साखर आण गं.” एवढ्याशा ‘ली’ने सगळे समजते. एकदाही माझी चूक झाली नाही.

गुरुजींना मी प्रश्न दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि हसले. मग फळ्यावर लिहिले : इन द बॉक्स बिलो, राइट द नेम्स ऑफ ऑल द ॲनिमल्स. ‘इन’ पुढे आणला, दोन शब्द जास्त घातले, झाले! गुण मात्र वाढले नाहीत, कारण उत्तरे ठरलेली असतात.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणते, “चौकटीत पाच ओळी होत्या, तुला दिसल्या नाहीत व्हय?” दिसल्या. तेवढे माझे चुकले. पण परीक्षा प्राण्यांच्या नावांची होती, कोड्याची नव्हती.

त्याच चाचणीत झाडावरच्या पक्ष्याला मी ‘ऑन द ट्री’ लिहिले, तेही चुकले. इंग्रजीत झाडावर फळ असेल तर ‘ऑन’ आणि पक्षी बसला असेल तर ‘इन’. आपण दोन्हीला झाडावरच म्हणतो. त्या गुणाबद्दल माझी तक्रार नाही. ती त्यांची भाषा आहे, मी शिकेन.

माझे म्हणणे इतकेच की, प्रश्न छापण्याआधी चौथीतल्या एखाद्या पोराला वाचायला द्यावा व काय समजले ते विचारावे. पाच मिनिटे लागतील.

बाबांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. पहिलीपासून ते २००० साली सुरू झाले. म्हणून बाबांना वाटते की आम्हाला सगळे आलेच पाहिजे. गुण बघून ते आधी गप्प बसले. मी चित्र दाखवून सगळे सांगितले. मग म्हणाले, “घोड्याचं स्पेलिंग सांग बरं.”

मी सांगितले, एच ओ आर एस ई. तेव्हा त्यांनी सही केली.

— इयत्ता ४ थी मधील एक विद्यार्थिनी