घर घ्या, पण नाव लपवू नका

ज्यांच्या आजोबांनी घर बांधले आणि वडिलांनी त्यावर मजला चढविला, त्यांच्या लेखी घरखरेदी हा एक व्यवहार होय. आमच्या समाजाची गोष्ट तशी नाही. गावकुसाबाहेरचा महारवाडा, मग गिरणगावातील चाळीची एक खोली किंवा झोपडपट्टीतील पत्र्याचा निवारा, अशा वाटेने आलेल्या कुटुंबातील मुलगा वा मुलगी जेव्हा सदनिका घ्यावयास निघते, तेव्हा खरेदीखत नावाचा कागद त्या घराण्यात बहुधा प्रथमच येत असतो. म्हणून या विषयावर स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दलालाचा पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि दुसरा आडनावाचा. आडनाव कळताच दाखवावयाची जागा एकाएकी ‘कालच गेलेली’ असते. किंवा ‘इमारतीत सगळे शाकाहारी आहेत’ असे सांगण्यात येते. जातीचे नाव कोणी घेत नाही, कारण ते घ्यावे लागत नाही. या अनुभवाने पोळलेले आमचे काही सुशिक्षित तरुण आडनाव बदलून घेतात, आणि नव्या घरात राहावयास गेल्यावर बाबासाहेबांची तसबीर दिवाणखान्याऐवजी आतल्या खोलीत लावतात. त्यांची अडचण आम्ही जाणतो. तथापि हा मार्ग बाबासाहेबांनी स्वतः चालून पाहिला होता, याचे त्यांनी विस्मरण होऊ देऊ नये.

1917 साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांस राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव धारण करून आश्रय घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांस तेथून निघावे लागले. उसन्या नावाचे छप्पर दोन आठवडेही टिकले नाही. पुढे कित्येक वर्षे परळच्या चाळीत काढल्यावर 1930 नंतरच्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधले. त्या वस्तीत राहण्यासाठी त्यांनी नाव झाकले नाही. उलट घराला ‘राजगृह’ हे बौद्ध इतिहासातील नाव दिले आणि ते ग्रंथांनी भरून टाकले.

कायदा या बाबतीत अगदी मुका आहे असे नव्हे. 1955 चा अस्पृश्यता अपराध अधिनियम, ज्यास 1976 पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, त्याच्या चौथ्या कलमात कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे वा वापरणे यांस अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेला अटकाव हा गुन्हा मानला आहे. बाराव्या कलमाप्रमाणे असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध घडले असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते त्याच कारणाने घडले असे न्यायालयाने धरावयाचे असते. बौद्धांस अनुसूचित जातींत मान्यता 1990 साली मिळाली. तेव्हा या कलमाचा आधार आता आपणांसही आहे. सहकार कायद्याप्रमाणे गृहनिर्माण संस्थेस पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. मात्र 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारी उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. न्यायालयाचा आदर राखूनही आम्ही म्हणतो की, अल्पसंख्य समाजाच्या संरक्षणासाठी उघडलेली ही वाट वरिष्ठ जातींच्या हाती गेली, तर शहरात नवे गावकूस उभे राहील. म्हणून संस्थेकडे अर्ज लेखी करा, त्याची पोच घ्या आणि नकारही लेखी मागा. तोंडी नकाराचा पुरावा उरत नाही.

आता कागदाविषयी. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून आयुष्याची कमाई मोजून देणारे आमचे बांधव आजही थोडे नाहीत. 1908 च्या नोंदणी अधिनियमान्वये शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराच्या खरेदीखताची नोंदणी सक्तीची आहे, आणि केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली निःसंदिग्ध सांगितले आहे. विकणाऱ्याचा हक्क दुय्यम निबंधकाच्या दप्तरी वकिलाकडून तपासून घ्यावा. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. नव्या बांधकामात घर घेताना, 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाप्रमाणे करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या एक दशांशाहून अधिक रक्कम बिल्डरने मागणे बेकायदा आहे, हे ध्यानी ठेवावे. ‘साहेब ओळखीचे आहेत’ हा काही दस्त नव्हे!

कर्जाचा हिशेबही घरातील सर्वांनी एकत्र बसून करावा. 30 लाखांचे कर्ज, दर साल दर शेकडा 9 व्याजाने, 20 वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 27,000 रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील 22,500 व्याजातच जातात; मुद्दल फिटते जेमतेम साडेचार हजार. व्याजदर तोच राहिला, तर अखेरीस बँकेच्या पदरात सुमारे 65 लाख पडतात. तथागतांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्तीचे सुख एक आहे. आणि कोलिय दीघजाणूस आय-व्ययाचा तोल राखून जगण्याचा उपदेश केला. कर्ज घेऊच नये असा याचा अर्थ आम्ही करीत नाही. पण शेजाऱ्याने तीन खोल्या घेतल्या म्हणून आपणही घ्याव्यात, हा तोल नव्हे.

आणि ज्या घरासाठी वीस वर्षे हप्ते भरावयाचे, त्यात प्रवेश करण्यास मुहूर्त कोणाला विचारावयाचा? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या कुटुंबाने वास्तुशांतीवर खर्च करावा, हे आम्हांस समजत नाही. त्रिशरण-पंचशील आणि परित्राणपाठ पुरेसा आहे. वाचलेल्या पैशात गृहिणीचे नाव दस्तावर चढवा. 2021 पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे घेतलेल्या राहत्या घरास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्कासाठी झगडून 1951 साली ज्यांनी मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांस ही गोष्ट सवलतीसाठी सांगावी लागावी, याचा आम्हांस खेद होतो.

एक सूचना करतो. आपल्या विहारांत रविवारची वंदना आटोपल्यावर समाजातील एखाद्या वकिलाने तासभर बसावे आणि घर घेऊ पाहणाऱ्यांचे कागद विनामूल्य वाचून द्यावेत. ज्या विहारात हे सुरू होईल, त्यांनी आपला वृत्तांत आमच्याकडे पाठवावा. तो छापण्यास येथे जागा राखून ठेवली आहे.