हिवतापाचे कारखाने आणि त्यांचे मालक

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की गोमंतकात डासांच्या नावाने शंख करण्याचा हंगामही सुरू होतो. नगरपालिकेने गटारे उपसली नाहीत, आरोग्य खात्याची धुराची गाडी वाड्यावर फिरकली नाही आणि परप्रांतांतून आलेल्या मजुरांनी ताप आणला, ही तीन वाक्ये दरवर्षी ऐकू येतात. त्यांत तथ्यांश नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या तिन्ही वाक्यांतील कर्ता कोणी तरी दुसराच आहे. आपल्या गच्चीवरच्या उघड्या टाकीचा उल्लेख त्यांत कोठेही येत नाही.

20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू सापडला, त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली. तरीही हिवतापाचा डास गटारात वाढतो, हा समज सुशिक्षितांच्याही मनातून गेलेला नाही. घाण पाण्यात प्रामुख्याने क्युलेक्स जातीचा डास वाढतो. शहरांतून हिवताप पसरविणारा ॲनाफिलिस स्टिफेन्सी हा मात्र स्वच्छ, साचलेल्या पाण्याचा भोक्ता आहे. विहीर, झाकण नसलेली टाकी, कारंज्याचा हौद, नव्या स्लॅबवर सिमेंट मुरण्यासाठी साठविलेले पाणी ही त्याची माहेरघरे होत. म्हणजे गटार उपसून पालिकेने आपले कर्तव्य चोख बजावले, तरी हिवतापाचा कारखाना आपल्याच छपरावर निर्वेध चालू राहू शकतो.

मुंबईने हा अनुभव फार पूर्वी घेतला. डॉ. बेंटली यांनी तेथील हिवतापाची पाहणी करून 1911 मध्ये अहवाल दिला आणि विहिरींकडे बोट दाखविले. विहिरी बंद करण्याची मोहीम निघाली, तेव्हा श्रद्धेचा प्रश्न उभा राहिला. जलदेवतेचे स्थान झाकावयाचे कसे? त्या वादाच्या पार्श्वभूमीवर रुस्तुम मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुतींवर 1918 साली एक ग्रंथच प्रसिद्ध केला. आपल्याकडेही विहिरीची पूजा होते आणि देवळाच्या तळीचे पावित्र्य आपण मानतो. आमच्या मते या श्रद्धेचा आणि आरोग्याचा मुळीच विरोध नाही. विहिरीवर बारीक जाळी बसविल्याने देवता रुसत नाही आणि तळीत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडल्याने तिचे पावित्र्यही उणावत नाही.

पर्यावरणाची व्यवस्था राखून हिवताप रोखण्याचा हा मार्ग केवळ पुस्तकी नाही. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात, नडियाद तालुक्यातील गावांतून, 1983 पासून डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचा मोठा प्रयोग झाला. खड्डे बुजविणे, सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणणे, पाणवठ्यांत गप्पी मासे सोडणे, गावकऱ्यांना आणि शाळकरी मुलांना बरोबर घेणे, अशी त्याची साधी सूत्रे होती. गोव्यातही 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत हिवतापाने डोके वर काढल्यानंतर स्थानिक मासे आणि अळ्या मारणारे जिवाणू यांचे प्रयोग यशस्वीपणे करण्यात आले. ज्ञान परके नाही, खर्चही अवाढव्य नाही. उणीव आहे ती सातत्याची.

सातत्य सुटले की काय होते, हे देशाने भोगले आहे. 1958 मध्ये हिवताप निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, डी.डी.टी.ची फवारणी झाली आणि 1965 पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखापर्यंत खाली आली. शत्रू गारद झाला असे समजून यंत्रणा सैलावली. डासही औषधाला दाद देईनासे झाले. 1976 मध्ये रुग्णांची संख्या 64 लाखांवर गेली. गोव्यात आज हिवताप पूर्वीच्या मानाने बराच ओसरला आहे आणि 2030 पर्यंत देशातून त्याचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे. नेमकी हीच घडी गाफीलपणाची असते.

आता मजुरांविषयी. मजुराच्या रक्तात जंतू असू शकतो, हे खरे. परंतु त्याच्या रक्तातून तो शेजाऱ्याच्या रक्तात आपोआप जात नाही. मध्ये डास लागतो, आणि तो डास बहुधा ठेकेदाराच्या हौदात किंवा घरमालकाच्या टाकीत जन्मलेला असतो. आपल्यासाठी इमले उभारणारा माणूस त्याच साचलेल्या पाण्याशेजारी मच्छरदाणीविना झोपतो आणि आधी तोच तापाने फणफणतो. बांधकामावरील मजुरांना आरोग्यपत्र असले पाहिजे, असा दंडक आपल्या राज्यात आहे. ते पत्र मजुराला हुसकावण्याचे साधन होता कामा नये. त्याच्या रक्ताची वेळेवर तपासणी आणि पुरते औषधपाणी करण्याची ती ठेकेदारावरील जबाबदारी आहे.

डासाच्या अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस प्रत्येक घरातील साठवणीचे पाणी उपसून भांडी कोरडी केली, तर ही साखळी तुटते. पंचायतींनी वाड्यावाड्यांतून असा एक वार ठरवावा. मालक परदेशी असल्यामुळे कुलूपबंद राहिलेल्या घरांच्या विहिरी व टाक्या कोणी पाहावयाच्या, हेही तेव्हाच ठरवावे. देवस्थान समित्यांनी तळ्यांची, शिक्षकांनी शाळेच्या टाक्यांची जबाबदारी घ्यावी. बांधकामावर अळ्या आढळल्या तर दंडाची पावती मालकाच्या नावे फाडण्यास पालिकेने कचरू नये. आणि ताप आला की घरच्या काढ्यावर चार दिवस काढण्याऐवजी त्याच दिवशी आरोग्यकेंद्रात रक्त तपासून घ्यावे.

चवथीला अजून अवधी आहे. घराची रंगरंगोटी तेव्हा होईलच. त्याआधी येत्या रविवारी प्रत्येकाने शिडी लावून आपल्या टाकीचे झाकण पाहून यावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.