कंबर किती दुखते? त्याआधी विचारा, काम काय अडते?

लकडगंजच्या टालींवर ओंडके उचलणारे, आरा मशीनवर उभे राहणारे, कळमन्यात पोती वाहणारे आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या माय-बहिणी. कंबरदुखी आपल्या वस्त्यांत घरोघरी आहे. दवाखान्यात गेले की विचारतात, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखते?’ माणूस ‘सहा’ म्हणतो. पंधरा दिवस गोळ्या खाऊन ‘चार’ म्हणतो. कागदावर सुधारणा झाली. पण तो अजून कामावर गेलेला नाही, रोजी बुडतेच आहे. मग ही सुधारणा कोणाची?

दुसरे माप एमआरआयचे. ‘मणक्यात गॅप आहे’ एवढे ऐकले की घर हादरते, कर्ज काढायची तयारी सुरू होते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे फोटोत झीज दिसली म्हणून तेच दुखण्याचे कारण असे नाही. आणि फोटो चांगला आला म्हणून माणूस ढोंग करतो, असेही नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. उपचार लागू पडला की नाही, हे रुग्णाच्या अडलेल्या कामावरून ठरले पाहिजे.

ही मागणी नवी नाही. इंग्लंडमध्ये १९८० साली प्रसिद्ध झालेली ओस्वेस्ट्री प्रश्नावली चालणे, उचलणे, झोपणे, प्रवास अशा दहा बाबी विचारते. ती मराठीतही झाली आहे. पण तिच्यातले बसणे खुर्चीवरचे आहे. आपले बसणे जमिनीवरचे, नळावर उकिडवे, विहारात वंदनेला मांडी घालून. म्हणून आम्हाला १९९५ ची दुसरी पद्धत जवळची वाटते. तिच्यात कामे रुग्ण स्वतः निवडतो.

वहीच्या पानावर अडलेली तीन कामे लिहा. उदाहरणार्थ : नळावरून भरलेली बादली आणणे, वाकून झाडणे, वंदनेला अर्धा तास बसणे. प्रत्येकाला गुण द्या. मुळीच जमत नाही तर ०, पूर्वीसारखे जमते तर १०. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकरांनी लिहावे, पण गुण रुग्णानेच द्यावेत. दर पंधरा दिवसांनी त्याच तीन कामांना पुन्हा गुण द्या. तिन्हींची सरासरी २ किंवा जास्त वाढली, तर फरक खरा समजावा. मेयोत किंवा मेडिकलला जाताना हे पान सोबत न्या. गुण हलतच नसतील, तर ‘उपचार बदलायचा का?’ हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुखण्याचा आकडा फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. रात्रीची झोप उडवणारे दुखणे मोजलेच पाहिजे. फक्त तेवढ्यावर थांबू नये.

काही वेळा मात्र वहीची वाट पाहू नका. लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे असेल, तर मणक्याच्या टीबीची तपासणी करून घ्या. टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आपल्या बायका दुखणे सांगतच नाहीत, पुरुष सांगायला लाजतात. दीघ निकायातील संगीती सुत्तात पावा येथील प्रसंग आहे. रात्री उशिरा तथागतांनी आपली पाठ दुखते असे सांगितले, सारिपुत्तांना धम्मोपदेश करायला सांगून स्वतः विश्रांती घेतली. काय दुखते आणि आता काय जमणार नाही, हे त्यांनी सरळ सांगितले. आपणही तेवढेच सरळ सांगू या.

जय भीम! नमो बुद्धाय!