येरवडा नावाची शिवी

कामथडीकडचा एखादा विद्यार्थी वर्गात गप्प राहू लागला, की 'ह्याला येरवड्याला न्या' असे हसत म्हटले जाते. प्रादेशिक मनोरुग्णालय जेथे आहे त्या जागेचीच शिवी झाली. आणि भाषेचे अध्यापकही तिला विनोद म्हणतात! नैराश्यग्रस्त तरुणावरील 'कासव'ला २०१७ साली सुवर्णकमळ मिळाले, त्याचा अभिमान मात्र सर्वांना हवा. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरविला. पण ज्या पत्त्याची टिंगल होते, तेथे हक्क मागायला कोण जाईल? 'आमच्या काळी असली थेरं नव्हती,' हे तर निखालस असत्य. त्या काळी ही मुले देवऋषाच्या अंगाऱ्यावर नि माजघराच्या अंधारात होती, एवढेच. 'टेली-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आम्ही मराठी विभागाच्या दारावर लावला आहे. ज्यांना हसायचे त्यांनी तेथे उभे राहून हसावे.